जळगावातील रेडिएशन विभाग: दुसरे मत घेण्याजोगी जागा

वडिलांच्या फुप्फुसाच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियेनंतर एका मोठ्या शहरातील रुग्णालयाने रेडिएशन घ्यावेच लागेल असे सांगितले. येथील डॉक्टरांनी मात्र आधी पॅथॉलॉजी अहवालातील लसिकाग्रंथी (लिम्फ नोड) आणि काढलेल्या भागाच्या कापलेल्या कडांच्या नोंदी ओळीवर बोट ठेवून आम्हाला वाचून दाखवल्या. गाठ पूर्ण निघालेल्या, परंतु छातीच्या मध्यभागातील ग्रंथींपर्यंत आजार पोहोचलेल्या रुग्णांवरील, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लंग आर्ट चाचणीत रेडिएशनच्या ५४ ग्रे (रेडिएशन मोजण्याचे एकक) मात्रेने आजाराविना जगण्याच्या प्रमाणात लक्षणीय फरक पडला नाही, उलट हृदय-फुप्फुसांचे त्रास वाढले, हे त्यांनी वडिलांना चक्क अहिराणीतून समजावले. कडेला कर्करोगाच्या पेशी उरल्या असत्या तर सल्ला वेगळा असता, हेही सांगितले. बाहेर बसायला जागा अपुरी आहे. तरीही चोपडा-यावलकडच्या रुग्णांनी संपूर्ण फाइल घेऊन येथे अवश्य यावे.