बल्ब पेटला आणि आम्ही पैसे मोजले

गावाकडच्या घराचं वायरिंग दोन वर्षांपूर्वी ओळखीतल्याच एका वायरमनला दिलं. मजुरी पॉइंटप्रमाणे, माल तोच आणणार. मी पुण्यात, आण्णांचं वय झालेलं. दुकानाच्या चकरा कोण मारणार? वीजजोडणीचा टेस्ट रिपोर्टही त्यानंच आणून दिला. त्यावर ज्या ठेकेदाराचा सही-शिक्का आहे, तो माणूस आम्ही आजवर पाहिलेला नाही.

बिलात दोन ओळी ठळक होत्या: 'ईएलसीबी २,४००' (करंट गळला की आपोआप वीज तोडणारा खटका) आणि 'अर्थिंग, पाइप, मीठ-कोळसा ४,५००'. पैसे देण्याआधी आण्णांनी विचारलं, अर्थिंग झालंय कशावरून? गडी तयारीतच होता. होल्डरला शंभरचा बल्ब, त्याच्या दोन वायरी. एक सॉकेटच्या फेजमध्ये, दुसरी वरच्या मोठ्या, अर्थच्या भोकात. बल्ब लख्ख. "बघा आण्णा, अर्थिंग कसं मिळतंय!" आम्ही पैसे मोजले. उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी घालायला सांगून गेला. आईनं दोन उन्हाळे न चुकता घातलं.

बोर्ड कधीच ट्रिप झाला नाही. पावसाळ्यात शेजाऱ्यांचा सारखा पडायचा, तेव्हा आम्ही आमच्या कामाचं कौतुक सांगायचो.

यंदा जुलैत भर पावसात संध्याकाळी घरातली लाइट गेली. अंधारात आईनं फ्रिजचं दार धरलं आणि मागं फेकली गेली. पायात रबरी चप्पल होती म्हणून वाचली. शेजारी लाइट होती, आमच्याकडे नव्हती, आणि तरी फ्रिज करंट मारत होता. आण्णांना ते भुताटकीसारखंच वाटलं.

आयटीआयमध्ये शिकवणारा माझा मावसभाऊ दुसऱ्या दिवशी आला. त्यानं आधी पाइपच धरला. दीड फुटाचा तुकडा, हातानं उपसून आला. असला पाइप अडीच मीटरचा लागतो. खड्ड्यात मीठ-कोळसा होता, पण तिथून घराकडे वायरच निघाली नव्हती. बोर्डात अर्थिंगच्या हिरव्या वायरी न्यूट्रलच्या पट्टीला बांधलेल्या. म्हणजे त्या दिवशी बल्ब पेटला तो न्यूट्रलवर. पावसात खांबावरचा न्यूट्रल तुटला, तेव्हा चालू असलेल्या दिव्या-पंख्यांतून आलेला फेज परतीची वाट नसल्यामुळे हिरव्या वायरीतून फ्रिजच्या पत्र्यावर येऊन बसला.

आणि ईएलसीबी? तो आयसोलेटर होता. दिसायला तसाच, दोन मॉड्यूलचा, पण नुसता हातानं चालू-बंद करायचा खटका. त्याला ट्रिप होणं माहीतच नाही. खऱ्या ईएलसीबीवर, ज्याला आता आरसीसीबी म्हणतात, टेस्टचं छोटं बटण असतं, ३० मिलीअँपिअर छापलेलं असतं. फेजनं गेलेला करंट न्यूट्रलनं तेवढाच परत येतो का, एवढंच तो बघतो. फरक पडला की तुटतो. शंभरचा बल्ब फेज आणि अर्थमध्ये लावला तर जवळपास ४०० मिलीअँपिअर जमिनीत जातात. खरा आरसीसीबी आणि खरं अर्थिंग असतं, तर बल्ब लावताक्षणी घर अंधारात गेलं असतं. त्यानं अर्थिंगचा पुरावा म्हणून पेटवलेला बल्ब हाच त्याच्या चोरीचा पुरावा होता, आणि आम्ही चौघं त्याकडे बघत उभे होतो.

जास्त करंट ओढला की पडणारे खटके, म्हणजे एमसीबी, सगळे ३२ अँपिअरचे, दिव्यांच्या दीड चौरस मिलिमीटरच्या बारीक वायरीवरसुद्धा. वायर जळाली असती, खटका पडला नसता. दिव्यांना ६ किंवा १० चा पुरतो.

वायरमनला गाठलं तर म्हणाला, "आण्णा, दोन वर्षांत एकदा तरी ट्रिप झाला का?"

नवा बोर्ड मावसभावानं समोर बसून करून घेतला. माल आम्ही पावतीवर आणला, आयएसआय शिक्क्याखालचा नंबर बीआयएस केअर अ‍ॅपवर टाकून पाहिला, टेस्टचं बटण आईच्या हातून दाबून घेतलं. तिसऱ्या दिवशी सकाळी आरसीसीबी पडला. चढवला, पुन्हा पडला. आई वैतागली, "ह्यापेक्षा आधीचा बरा हुता." एकेक बटण बंद करत गेलो, तर गीझरपाशी येऊन थांबलो. उघडला. कॉइल तडकलेली होती, कधीची कोण जाणे.