अमेरिकेतल्या ख्रिस्ती समर कॅम्पवर जे-१ काउन्सिलर: सही करण्याआधी वाचा

जे-१ हा अमेरिकेचा सांस्कृतिक देवाणघेवाणीचा व्हिसा, आणि काउन्सिलर म्हणजे कॅम्पवर मुलांसोबत केबिनमध्ये राहून त्यांना सांभाळणारा. पैसे साठवायला जाणार असाल तर हा मार्ग तुमचा नाही. वर्षात सात महिन्यांपेक्षा जास्त न चालणाऱ्या कॅम्पना किमान वेतनाचा संघराज्य कायदा लागू होत नाही, म्हणून बहुतेक ठिकाणी तासांचा हिशेब नसतो. राहणं-जेवण आणि हंगामाचं ठरावीक मानधन मिळतं. तेही अमेरिकन सहकाऱ्याच्या तोडीचं असावं असा नियम आहे, तेव्हा त्याला किती मिळतात हे बेधडक विचारा. सेव्हिस (अशा व्हिसाधारकांची अमेरिकी सरकारी नोंदप्रणाली) शुल्क ३५ डॉलर. व्हिसा, प्रायोजक संस्थेची (तुमचा जे-१ कार्यक्रम चालवणारी संस्था) फी आणि विमानभाडं वेगळं. वय किमान १८, काम जास्तीत जास्त ४ महिने.

तरी आम्ही ही नोकरी चांगली म्हणू, पण कॅम्प नीट निवडला तरच. कुठे जेवणाआधीची प्रार्थना आणि रविवारचं चॅपल (प्रार्थनासभा) यावर भागतं. कुठे रोज दोनदा चॅपल, सकाळी बायबलवाचन आणि रात्री दिवे मालवण्याआधी केबिनमधलं डिव्होशन (मुलांसोबत छोटं बायबलचिंतन आणि प्रार्थना), तेही काउन्सिलरनंच घ्यायचं. असे कॅम्प बऱ्याचदा अर्जासोबतच श्रद्धेच्या निवेदनावर (‘मी या ख्रिस्ती श्रद्धा मानतो’ अशा कागदावर) सही मागतात. १९६४च्या नागरी हक्क कायद्यानं धार्मिक संस्थांना स्वधर्मीय माणसं निवडायची मुभा दिली आहे, त्यामुळे नंतर कुरकुर करून उपयोग नाही. मुलाखतीतच विचारा: डिव्होशन मी घ्यायचं, की मुलांसोबत नुसतं बसायचं? अन्य धर्माच्या काउन्सिलरनं ‘फक्त बसेन’ असं ठरवून घेतलं तरी केबिनमधल्या जोडीदार काउन्सिलरच्या सुट्टीच्या रात्री गाडी अडते. केबिनमध्ये तुम्ही एकटे, आणि मुलं प्रश्न विचारणार. त्या रात्री बदली कोण येणार, हेही आधीच लिहून घ्या.

केबिनमध्ये शक्यतो एक अमेरिकन आणि एक परदेशी अशी जोडी असलेली बरी. अमेरिकन कॅम्प असोसिएशनच्या मानकाप्रमाणे निवासी कॅम्पमध्ये ६ ते ८ वर्षांच्या सहा मुलांमागे एक, ९ ते १४च्या आठांमागे एक कर्मचारी लागतो. एका मुलाबरोबर एकट्यानं थांबायचं नाही हा दंडक जवळपास सगळीकडे असतो. रडणाऱ्या मुलाला समजवायचं तेही इतरांना दिसेल अशा जागी.

प्रशिक्षणाचा आठवडा हा बहुतेक कॅम्पचा कच्चा दुवा. सगळे लहानपणापासून कॅम्पला येत आलेत असं धरूनच सूचना दिल्या जातात. परदेशी विद्यार्थी न कळताही मान डोलावतो आणि चूक थेट तळ्यावर उघडी पडते. तिथे मुलं जोडीजोडीनं पाण्यात उतरतात, ठरावीक वेळानं शिट्टी होते, जोड्या हात धरून वर करतात, मोजणी होते. आकडा फलकावर लावलेल्या मुलांच्या नावांच्या टॅगशी जुळेपर्यंत कुणीही हलायचं नाही. इथे ‘समजलं का?’ हा प्रश्न कुचकामी. सूचना उलट म्हणून दाखवायला लावणारा वॉटरफ्रंट (तळ्यावरचा) प्रमुख असेल तर कॅम्प जाणता समजा. आणखी एक: मुलांसमोर आपसात मातृभाषेत हसू नका, ती हमखास आपल्यावरच हसताहेत असं धरतात.

काउन्सिलरला स्वयंपाकी, भांडी घासणारा किंवा सफाई कामगार म्हणून राबवायला जे-१च्या नियमांत बंदी आहे. मुलांबरोबर केबिन झाडणं त्यात येत नाही, पण रोज तीन वेळा भांड्यांवर उभं केलं तर प्रायोजकाला कळवा.

दोन सत्रांमधल्या सुट्टीत अमेरिकन सहकारी गाडी काढून घरी जातात. परदेशी मुलं जंगलातच राहतात आणि स्वयंपाकघर बंद. त्या दिवसांचं जेवण, झोपायची जागा, गावात नेणारी व्हॅन, हे करारात आहे का पाहा.

सोशल सिक्युरिटी क्रमांकासाठी (पगार आणि करासाठी लागणारा सरकारी क्रमांक) उतरल्या उतरल्या धावू नका. प्रायोजकानं सेव्हिसमध्ये तुमची नोंद सक्रिय केल्यावर थोडे दिवस थांबून जा, नाहीतर कार्यालयाला नोंद सापडत नाही आणि फेरी फुकट. पहिली पगारचिठ्ठी तपासा: संघराज्याचा प्राप्तिकर कापला जाईल, पण करदृष्ट्या अनिवासी असलेल्या जे-१ धारकाचा सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर कर (निवृत्तिवेतन आणि वृद्धांच्या आरोग्यविम्यासाठीचा) कापायचा नसतो. कॅम्पच्या हिशेबनीसाला हे अनेकदा ठाऊक नसतं. कापला गेला तर कॅम्प उघडा असतानाच परत मागा. सप्टेंबरनंतर फोन उचलणारं माणूस मिळत नाही.