रेक्स्टन आरएक्स७ ऑल व्हील ड्राइव्ह: ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बदलल्यानंतरचा अनुभव

गाडी: सँगयाँग रेक्स्टन आरएक्स७, २.७ डिझेल, ४०२ न्यूटन मीटर टॉर्क. बॉक्स: पाच गिअरचा ७२२.६, मूळचा मर्सिडीजचा. बसवलेला बॉक्स जुन्या बाजारातला, पण पूर्ण खोलून क्लच प्लेट, सील आणि पॅकिंग नवं टाकलेला. वापर: एक उन्हाळा आणि एक पावसाळा. रस्ते: समृद्धी, जालना-बीड पट्टा, औट्रम घाट आणि शेतातली काळी माती.

निकाल आधीच सांगतो. बॉक्स चांगला चालतोय. पण त्याचं श्रेय बॉक्सला कमी आणि सोबत केलेल्या बारीकसारीक कामांना जास्त आहे. ती कामं टाळली तर दुसरा बॉक्सही पहिल्याच वाटेनं जातो.

मुळात बॉक्स खरंच गेलाय का, हे तपासा. ७२२.६ ची जुनी खोड अशी की बाजूच्या १३ पिनांच्या कनेक्टरच्या बुशची ओ-रिंग (रबरी कडी) कडक होते, तेल झिरपतं आणि वायरीच्या आतून चढत चढत गिअरबॉक्सच्या कंट्रोल युनिटपर्यंत (गिअर बदलणाऱ्या कॉम्प्युटरपर्यंत) जातं. दुसरी खोड आतल्या कंडक्टर प्लेटची, म्हणजे सेन्सर आणि वायरिंग असलेल्या पट्टीची. तिच्यावरचे एन२, एन३ हे स्पीड सेन्सर मरतात. दोन्हीत लक्षण एकच: गाडी लिंप मोडमध्ये (बिघाड दिसल्यावर बचावासाठी गिअर बदलणं थांबवते त्या अवस्थेत) जाते आणि बंद करून पुन्हा चालू केली की फक्त दुसरा गिअर आणि रिव्हर्स मिळतो. एवढ्यावर ‘बॉक्स गेला’ म्हणून उतरवायला घेणारे मिस्त्री आपल्याकडे कमी नाहीत. आधी बॉक्सखालचं चेंबर, म्हणजे तेलाचं पात्र, खोला. त्यातल्या चुंबकावर बारीक करडी पेस्ट असेल तर ती झीज नेहमीची. धातूचे चकचकीत तुकडे, काळा गाळ, जळका वास आणि डी टाकल्यावर उशिरा पकड, हे सगळं एकत्र दिसलं तरच बॉक्स उतरवायचा.

पार्टची चिंता वाटते तेवढी नाही. रेक्स्टनचे पार्ट मिळत नाहीत हे खरं, पण बॉक्सच्या आतलं सामान मर्सिडीजच्या नंबरवर मिळतं: फिल्टर १४० २७७ ०० ९५, कंडक्टर प्लेट १४० २७० ११ ६१, कनेक्टरचा बुश २०३ ५४० ०२ ५३. आख्खा बॉक्स मात्र मर्सिडीजचा चालत नाही. पुढची बेलहाउसिंग (इंजिनला जोडणारं घंटेसारखं कवच) वेगळी आणि मागची बाजूही वेगळी. टू व्हील ड्राइव्हचाही नको, मागे ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा डबा) बसत नाही. कुर्ल्याच्या बाजारात ‘सेम टू सेम आहे साहेब’ ऐकू आलं तरी बॉक्सवर ठोकलेला नंबर स्वतः वाचून घ्या. कंट्रोल युनिट गाडीतच राहतं, त्यामुळे बॉक्स बदलल्यावर प्रोग्रॅमिंग लागत नाही. स्कॅनरवरून जुनं अ‍ॅडाप्टेशन (कंट्रोल युनिटनं जुन्या बॉक्सवरून शिकून घेतलेलं) पुसलं की झालं.

बसवताना सगळ्यात महाग पडणारी चूक टॉर्क कन्व्हर्टरची, म्हणजे इंजिनची ताकद तेलातून बॉक्सला देणाऱ्या गोल भांड्याची. फिरवत फिरवत आत ढकलला की तो टप्प्याटप्प्यानं आत जातो, आणि शेवटच्या टप्प्यात त्याच्या खाचा ऑइल पंपात बसतात. तो टप्पा राहिला आणि बेलहाउसिंगचे बोल्ट आवळून बॉक्स ओढून घेतला, तर पंप तिथेच तुटतो. बेलहाउसिंगच्या तोंडावर पट्टी लावून खोली मोजा. बॉक्स इंजिनला टेकल्यावर कन्व्हर्टर हातानं मोकळा फिरला पाहिजे. फिरत नसेल तर बॉक्स परत मागे. जुना कन्व्हर्टर पुन्हा वापरू नका, मेलेल्या बॉक्सचा सगळा कचरा त्यात साठलेला असतो.

तीच गोष्ट कूलरची. ऑइल कूलर रेडिएटरच्या आत आहे. तो नुसता हवा मारून साफ होत नाही, गाळ जाळीत अडकून राहतो. त्याहून वाईट म्हणजे आतून गळून कूलंट तेलात मिसळणं. ग्लायकॉलचा अंश जरी गेला तरी लॉकअप क्लचचं (कन्व्हर्टरमधल्या, इंजिन आणि बॉक्स थेट जोडणाऱ्या क्लचचं) अस्तर सुटायला लागतं. म्हणून रेडिएटर नवाच टाकला आणि त्याच्या पुढे मालिकेत वेगळा प्लेट कूलर जोडला. परभणी-जालन्याकडचा पारा ४२-४३ वर जातो तिथे ही चैन म्हणता येणार नाही. फक्त एक करा: कापसाच्या हंगामात एसीचा कंडेन्सर आणि कूलरच्या जाळीत तंतू आणि धूळ बसते, ती इंजिनच्या बाजूनं बाहेर अशी हलक्या पाण्यानं काढत राहा. प्रेशर पंप जवळून मारला तर जाळीची पाती वाकतात.

तेल मर्सिडीजच्या एमबी २३६.१४ दर्जाचंच. कोरड्या बॉक्सला कन्व्हर्टर धरून सुमारे ८ ते ९ लिटर लागतं. नुसतं चेंबर रिकामं केलं तर निम्मंच निघतं. सुरुवातीला ५ लिटर ओता, इंजिन चालू करा, ब्रेक दाबून सगळे गिअर फिरवा, मग थोडं थोडं वाढवा. गाडीत कायमची डिपस्टिक नाही, वेगळी पट्टी घ्यावी लागते. अंतिम पातळी ८० अंशांवर, इंजिन चालू, पी मध्ये. गंमत अशी की पी आणि एन मध्ये स्कॅनरला तेलाचं खरं तापमान दिसतच नाही, कारण तापमानाचा सेन्सर आणि स्टार्टरचा लॉक स्विच एकाच सर्किटमध्ये ओवलेले आहेत. ब्रेक दाबून डी मध्ये तापमान वाचा, मग पी मध्ये येऊन पट्टी घाला. तेल जास्त झालं तर फेस होऊन ब्रीदरमधून (हवा जाण्याच्या नळीतून) बाहेर येतं. कमी पडलं तर पंप हवा ओढतो आणि गिअर घसरतो. चेंबर आणि व्हॉल्व्ह बॉडीचे (तेलाचा दाब वाटणाऱ्या भागाचे) बोल्ट फक्त ८ न्यूटन मीटर. हातातली ताकद इथे नको, टॉर्क रेंच वापरा.

आता चालवण्याबद्दल. सुरुवातीला दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना थोडा झटका होता, अ‍ॅडाप्टेशन होत गेलं तसा तो गेला. लॉकअप तिसऱ्या गिअरपासून लागतो. समृद्धीवर एकसारख्या वेगात किंवा हलक्या अ‍ॅक्सिलरेटरवर थरथर अजिबात नाही. घाट चढताना तेल १०० अंशांच्या आसपास राहतं, आधी याच चढावर ते बरंच वर जायचं. उतरताना तिसरा किंवा दुसरा गिअर हातानं धरून ठेवतो, नाहीतर सगळा भार ब्रेकवर येतो. ओल्या काळ्या मातीत डब्ल्यू (विंटर) मोड कामाचा: गाडी दुसऱ्या गिअरमध्ये उठते, चाक कमी फिरतं. मात्र रुतल्यावर डी-आर, डी-आर असं हिंदोळणं बंद करा. नवे क्लच त्यातच जळतात. फळी टाका किंवा ट्रॅक्टर बोलवा.

न आवडलेलं एकच. सकाळी गाडी थंड असताना पहिल्यातून दुसऱ्यात जाताना अजून किंचित ढकल्यासारखं होतं. तेल तापलं की नाहीसं होतं, त्यामुळे त्याच्या मागे लागलेलो नाही.

टायर चारही एकाच मापाचे आणि सारख्या झिजेचे ठेवा, नाहीतर ट्रान्सफर केस गरम होते. तेल आणि फिल्टर ५०-६० हजार किलोमीटरला बदला, ‘लाइफटाइम फिल’ वगैरे आपल्या उन्हाला लागू नाही. आणि गाडी कुठे बंद पडलीच तर दोरी लावून ओढू नका. इंजिन बंद म्हणजे पंप बंद, बॉक्सला तेल मिळत नाही. चारही चाकं वर घेणारी फ्लॅटबेडच मागवा, ती यायला चार तास लागले तरी.