ॲक्वेरियन एच२ए हायड्रोफोन : दोन पावसाळे कोयनेत वापरून

मी ई अँड टीसीचा (इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन इंजिनिअरिंग), नदीशी संबंध म्हणजे लहानपणी कराडला प्रीतिसंगमावर आजोबांसोबत जायचो तेवढाच. डिग्रीनंतर एका रिसर्च प्रोजेक्टवर लागलो, पाण्याखालचा आवाज रेकॉर्ड करायचा आणि त्यावरून नदीच्या तळाशी काय चाललंय ते ओळखायचं असं काम. त्यासाठी हा हायड्रोफोन, म्हणजे पाण्याखाली चालणारा माइक, घेतला. घ्यायच्या आधी मी खूप शोधलं होतं पण जे ते समुद्राबद्दल आणि देवमाशांबद्दल, आपल्या उथळ खडकाळ नदीत हा चालतो का ते कुणीच सांगत नव्हतं, म्हणून लिहितोय.

वस्तू हाताच्या अंगठ्याएवढी. मी ३.५ एमएम पिनवाला घेतला, तो रेकॉर्डरच्या प्लग-इन पॉवरवर (माइकच्या पिनमधूनच रेकॉर्डर देतो ती वीज) चालतो, माझ्या झूम एच१एन रेकॉर्डरमध्ये थेट लागतो. फक्त मेन्यूत प्लग-इन पॉवर ऑन करा, माझा पहिला अख्खा दिवस त्यात वाया गेलाय. १ पास्कल दाबाला साधारण १ मिलिव्होल्ट मिळतो, नदीच्या कामाला तेवढं भरपूर.

पाटणच्या वरच्या अंगाला एका डोहात पहिल्यांदा सोडला तेव्हा भर दुपार होती, वरून पाणी एकदम निवांत आणि हेडफोनमध्ये मात्र टिकटिक टिकटिक. उन्हात शेवाळ आणि पाणवनस्पती ऑक्सिजन सोडतात ना, त्याचे बुडबुडे सुटताना वाजतात. बुडबुडा जेवढा बारीक तेवढा सूर वर, १ मिमी त्रिज्येचा असेल तर साधारण ३.३ किलोहर्ट्झ, हे मिनार्ट नावाच्या शास्त्रज्ञाने १९३३ मध्येच मांडून ठेवलंय. कॉलेजात डेरिव्हेशन म्हणून पाठ केलं असतं तर विसरलो असतो, कानात वाजलं ते विसरत नाही.

पण खरी गंमत गोट्यांची. धरणाच्या पायथा वीजगृहातून पाणी सोडलं की नदी चढते, आधी नुसती खळखळ वाढत जाते आणि मग एका टप्प्याला खालून कडकड सुरू होते, म्हणजे तळातले गोटे हलले. मोठा गोटा जाड वाजतो, बारीक खडी वरच्या सुरात. पुरात मधोमध उभं राहून कोण मोजणार किती खडी वाहिली, पण आवाज काठावरून ऐकता येतो. धरणं खडी अडवतात, खाली वाळू उपसली जाते, तळ उघडा पडत जातो आणि त्याची नोंद आपल्याकडे फार कमी. हे मला मनापासून महत्त्वाचं वाटतं.

आता अडचणी. वाहत्या पाण्यात नुसता सोडलात तर काहीच ऐकू येणार नाही, पाणी हायड्रोफोनवरच आपटतं आणि घोंगावतं, शिवाय केबल थरथरते तो आवाज वेगळाच. मी आता बांबूला बांधतो, मधे सायकलच्या ट्यूबचा तुकडा देतो म्हणजे बांबूचा हादरा जात नाही, आणि मोठ्या दगडाच्या आडोशाला ठेवतो. ही जागा शोधायला मला दोन महिने लागले, उपकरणापेक्षा ती जागा महत्त्वाची.

दुसरं म्हणजे उथळ पाणी. तळ टणक आणि पाणी १ मीटरच असेल तर साधारण ३७० हर्ट्झच्या खालचे आवाज लांब जातच नाहीत, त्यामुळे खर्जातलं काही आलं नाही म्हणून हायड्रोफोनला दोष देऊ नका. आणि गंगेतल्या डॉल्फिनसाठी घेणार असाल तर नुसता हायड्रोफोन बघून चालणार नाही, त्यांच्या क्लिक्स ६० किलोहर्ट्झच्या आसपास असतात आणि झूम ९६ किलोहर्ट्झने सॅम्पलिंग करतो (सेकंदाला ९६ हजार वेळा आवाज टिपतो) म्हणजे त्याच्या निम्म्याच्या, ४८ किलोहर्ट्झच्या, पुढचं हातात येत नाही, रेकॉर्डर वेगळा लागेल.

अजून एक, पाण्यातले डेसिबल आणि हवेतले डेसिबल एकमेकांना लावू नका, ज्या दाबाशी तुलना करून डेसिबल काढतात तो संदर्भाचा दाबच वेगळा आहे, नुसता त्यानेच २६ डेसिबलचा फरक पडतो. आमच्या पहिल्या रिपोर्टमध्ये ही चूक होती, गाईडनी पकडली.

कस्टम्समुळे पार्सल उशिरा आलं, किंमतही विद्यार्थ्याला एकट्याने झेपेल अशी नाही, दोघातिघांनी मिळून किंवा डिपार्टमेंटकडून घ्या. पण घ्या. आणि केबल वाटते त्याच्या दुप्पट लांब मागवा, पाणी चढलं की काठ मागे सरकतो.