जामीनदाराविना मिळणारे कर्ज: अमेरिकेतील पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठीच्या संघीय कर्जाचे परीक्षण

पदवीच्या चार वर्षांत माझ्या शिक्षणासाठी घरून एक पैसाही आला नाही, तरीही दर वर्षी अर्थसाहाय्याचा अर्ज भरताना वडिलांकडे त्यांच्या प्राप्तिकराची माहिती मागावी लागे. कारण चोविशीच्या आतला अविवाहित पदवी विद्यार्थी, काही अपवाद वगळता, अमेरिकी सरकारच्या लेखी पालकांवर अवलंबूनच असतो. २०२५ मध्ये पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला आणि ‘फॅफ्सा’ या सरकारी अर्थसाहाय्याच्या अर्जातली पालकांची पाने गळून मी आपोआप ‘स्वतंत्र’ ठरले. या स्वातंत्र्यावर पदरात काय पडते, ते ‘डायरेक्ट अनसब्सिडाइज्ड’ हे संघीय कर्ज प्रत्यक्ष वापरून मी पाहिले आहे.

अनुदानाची आशा मात्र आधीच सोडावी. माझा साहाय्य निर्देशांक, म्हणजे अर्जावरून काढला जाणारा आणि जितका कमी तितकी गरज जास्त असे सांगणारा आकडा, शून्याच्याही खाली आला होता, परंतु कमी उत्पन्नाच्या पदवी विद्यार्थ्यांना मिळणारे पेल अनुदान, शिक्षक प्रशिक्षणाचे मोजके अभ्यासक्रम सोडल्यास, पदव्युत्तर विद्यार्थ्याला मिळत नाही. शिक्षण चालू असेपर्यंत व्याज सरकारने सोसावे, ही सवलतही पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी १ जुलै २०१२ पासून बंद झालेली आहे. उरते ते वर्षाला जास्तीत जास्त २०,५०० डॉलरचे कर्ज, आणि त्याचे व्याज रक्कम जमा झाल्या दिवसापासून चढू लागते.

तरीही या कर्जाचा एक गुण मी फार मोठा मानते. ते देताना कोणी पत तपासत नाही आणि जामीनदारही मागत नाही. खासगी कर्जासाठी मी दोन ठिकाणी चौकशी केली तेव्हा दोन्हीकडे माझे नाव लिहून घेतल्यावर लगेच विचारले गेले, ‘सहकर्जदार कोण?’ ज्याच्या मागे सही करायला कोणी नाही, त्याला या प्रश्नापुढे नुसते गप्प बसावे लागते. संघीय कर्जाच्या करारावर मी एकटीने, रात्री अकरा वाजता, खोलीत बसून सही केली.

किंमत मात्र बारकाईने वाचावी. २०२५-२६ या वर्षात घेतलेल्या कर्जाला पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी ७.९४ टक्के स्थिर दर आहे. त्याच वर्षी पदवीच्या विद्यार्थ्यासाठी हाच दर ६.३९ टक्के ठरला. शिवाय १.०५७ टक्के शुल्क आधीच कापले जाते, त्यामुळे पहिल्या सत्राला माझ्या नावावर १०,२५० डॉलर चढले, पण विद्यापीठाच्या खात्यात सुमारे १०,१४२ डॉलरच पोचले. या हप्त्यावर रोज सव्वादोन डॉलरच्या आसपास व्याज साचते आणि दुसरा हप्ता आला की ते दुप्पट होते. निम्म्या वेळेची तरी नोंदणी असेपर्यंत आणि त्यानंतर सहा महिने परतफेड मागितली जात नाही, म्हणून हा आकडा सहसा कोणी उघडून पाहत नाही.

माझी खरी तक्रार आहे ती विद्यापीठाच्या अर्थसाहाय्य कार्यालयाबद्दल. तिथून आलेल्या पत्रात शिष्यवृत्ती आणि कर्ज एकाच मथळ्याखाली, एकाच बेरजेत दाखवले होते. ती बेरीज पाहून दोन दिवस मी आनंदात होते, आणि मग घाईने संपूर्ण रक्कम स्वीकारून बसले. गरजेपेक्षा ३,००० डॉलर जास्त झाले होते. सुदैवाने रक्कम जमा झाल्यापासून १२० दिवसांच्या आत परत केलेल्या भागावरचे व्याज आणि शुल्क दोन्ही रद्द होते. ही सोय उत्तम आहे, परंतु त्या पत्रात तिचा शब्दानेही उल्लेख नव्हता. मुळात कमी रक्कम स्वीकारता येते, हेही मला नंतर कळले.

अध्यापन किंवा संशोधन साहाय्यकाची जागा, शुल्कमाफी आणि विद्यावेतनासह मिळत असेल, तर अर्थातच ती आधी घ्यावी; असे प्रस्ताव देणाऱ्या बऱ्याच विद्यापीठांनी १५ एप्रिलपूर्वी उत्तराची सक्ती न करण्याचे मान्य केलेले आहे, तेव्हा तोवर कर्जाच्या आकड्यावर शिक्कामोर्तब करण्याची गरज नाही.

हे कर्ज २०,५०० डॉलरला थांबते आणि शुल्क व राहणीचा खर्च अनेक ठिकाणी त्याच्या बराच पुढे जातो. वरची फट २००६ पासून ‘ग्रॅड प्लस’ हे दुसरे संघीय कर्ज भरून काढत असे. त्याचा दर आणखी एक टक्क्याने जास्त आणि शुल्क ४.२२८ टक्के, म्हणजे महागच. पण त्यात फक्त पतइतिहासात मोठा डाग नसावा एवढेच पाहिले जाई. २०२५ च्या कायद्याने १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी ते बंद केले. वैद्यक, कायदा यांसारख्या व्यावसायिक पदव्यांना वर्षाला ५०,००० डॉलरची मर्यादा मिळाली. इतरांची २०,५०० वरच राहिली आणि पदव्युत्तर शिक्षणासाठीची एकूण मर्यादा १,००,००० डॉलर झाली. म्हणजे अर्जात स्वतंत्र ठरलेल्या विद्यार्थ्याला उरलेल्या रकमेसाठी पुन्हा कोणाची तरी सही शोधणे आले. माझ्याच अभ्यासक्रमाला २०२६ मध्ये येऊ इच्छिणाऱ्या एका मैत्रिणीने माझ्या शेजारी बसून खासगी कर्जाचा अर्ज भरला. सहकर्जदाराच्या रकान्यापाशी तिने तो तसाच जतन करून ठेवला आहे.