रविवारची संध्याकाळ: हॉटेल की शिदोरी?

महिन्याचा खर्च आवरण्यासाठी रविवारचे हॉटेल बंद करावे का, असे धाकट्या जावेने विचारले. तिला मुलांचा हिरमोड नको होता, म्हणून दोन्ही पर्याय शांतपणे तोलून पाहिले.

चौघांच्या हॉटेलच्या जेवणाला आमच्याकडे साधारण 900 रुपये लागतात आणि त्यावर 5 टक्के जीएसटी येतो. चार रविवारांचे हे 3,780 रुपये होतात. याउलट कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही आणि कांदा बांधून सिद्धेश्वर तलावाच्या काठी गेल्यास, परतताना मुलांना आइस्क्रीम दिले तरी, एका वेळी 250 रुपयांत भागते. कडक भाकरी अनेक दिवस टिकत असल्याने ती आधीच करून ठेवता येते, आणि शेंगाची चटणी तर सोलापूरच्या घरात बहुधा असतेच.

कष्टांच्या बाबतीत मात्र हॉटेल निर्विवाद सरस आहे. आठवडाभर स्वयंपाक करणाऱ्या बाईला एक संध्याकाळ चुलीपासून सुट्टी मिळणे ही चैन नव्हे, आणि शिदोरीचे काम पुन्हा तिच्याच गळ्यात पडणार असेल तर ती बचत मला मान्य नाही. एप्रिल-मेमध्ये पारा 40 अंशांपुढे जातो, तेव्हा तलावावर सूर्यास्तानंतरच जावे.

मुले लहान असून घरातले सगळे कामाला हात लावत असतील, तर शिदोरी निवडावी. स्वयंपाकाचा भार एकटीवर असेल, तर महिन्यातून एकदा हॉटेल ठेवावे.