ओटीपोटातील कळ आणि तिचे निदान: रामदासपेठेतील एका रुग्णालयाचा अनुभव

मे महिन्यात नागपुरात कोणाला उलटी झाली की घरात सर्वांत आधी ‘ऊन लागले’ असेच म्हटले जाते. माझी 22 वर्षांची भाची शिक्षणासाठी आमच्याकडे त्रिमूर्तीनगरला राहते. एका दुपारी जिना उतरताना तिच्या ओटीपोटात उजव्या बाजूला एकाएकी कळ आली आणि पाठोपाठ दोन उलट्या झाल्या. आम्हीही ते उन्हावरच ढकलले, कैरीचे पन्हे दिले आणि तिला कूलरसमोर निजवले. संध्याकाळी जवळच्या एका दवाखान्यात नेले, तेव्हा पोटाला हातही न लावता आम्लपित्ताचे इंजेक्शन देऊन आम्हाला परत पाठवण्यात आले. मधल्या तासाभरात दुखणे जवळजवळ थांबले होते, त्यामुळे आम्हीही निश्चिंत झालो. रात्री साडेआठला तीच कळ दुप्पट जोराने परतली, तेव्हा तिला रामदासपेठेतील एका खासगी रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत नेले. त्या रात्री तेथे मिळालेल्या सेवेविषयी मी सविस्तर लिहीत आहे, कारण तरुण मुलीच्या पोटदुखीचे निदान किती काळजीपूर्वक करावे लागते हे मला तेथे प्रथमच समजले.

ड्युटीवर एक तरुण महिला डॉक्टर होत्या. त्यांनी आधी नाडी, रक्तदाब आणि ताप पाहिला, सलाईन लावले आणि वेदनाशामक इंजेक्शन दिले. औषधाने दुखणे दबले तर निदान चुकेल, ही भीती मी बोलून दाखवली. तेव्हा त्यांनी सांगितले की ही समजूत जुनी आहे. वेदना थोडी कमी झाली तर रुग्ण पोट सैल सोडते आणि तपासणी उलट अधिक नीट होते. त्यानंतर त्यांनी मला नम्रपणे, पण ठामपणे बाहेर थांबायला सांगितले, पडदा ओढला आणि भाचीशी एकटीशी बोलल्या. मावशी म्हणून क्षणभर मला ते खटकले, परंतु आज या रुग्णालयाचे सर्वांत मोठे श्रेय मी त्या ओढलेल्या पडद्यालाच देते. शेवटची पाळी कधी आली, ती नेहमीसारखी होती का, अंगावरून काही जाते का, शरीरसंबंध आला आहे का, हे प्रश्न आई, मावशी किंवा वडिलांसमोर विचारले तर खरे उत्तर मिळण्याची शक्यता फार कमी असते, आणि उत्तर खोटे असेल तर पुढचे निदानही चुकीच्या वाटेने जाते.

लघवीची गर्भतपासणी मात्र त्यांनी उत्तर काहीही असले तरी केलीच. मुलगी अविवाहित असताना ही तपासणी कशासाठी, असे मी विचारले. डॉक्टरांनी रागावण्याऐवजी समजावून सांगितले की पाळी येणाऱ्या वयाच्या प्रत्येक स्त्रीच्या पोटदुखीत ही तपासणी केली जाते, त्यात तिच्या चारित्र्याविषयी कोणताही निष्कर्ष नसतो. गर्भ बीजवाहिनीत रुजला असेल तर ती नळी फुटून पोटात रक्तस्राव होऊ शकतो, चक्कर येते, कधी खांद्यातही दुखते, आणि अशा वेळी होणारा थोडा रक्तस्राव पाळी समजला जाण्याचा धोका असतो. काही मिनिटांच्या साध्या पट्टीवर इतका मोठा धोका बाजूला सारता येत असेल, तर घरच्यांच्या संकोचासाठी ती टाळणे योग्य नाही, हे मला पटले.

आम्हा सर्वांच्या मनात अपेंडिक्स होते. तिचे वडील आर्वीहून फोनवर तेच पुन्हा पुन्हा विचारत होते. डॉक्टरांनी ते नाकारले नाही, परंतु दुखण्याचा क्रम बारकाईने विचारला. अपेंडिक्सचे दुखणे बहुधा बेंबीभोवती मोघम सुरू होते, भूक मरते आणि काही तासांनी ते उजवीकडे खाली सरकते. भाचीची कळ मात्र पहिल्या क्षणापासून उजवीकडेच होती, जिना उतरताना आली होती, उलटीही लगेच झाली होती आणि मध्ये दुखणे ओसरून पुन्हा उसळले होते. पाळीच्या मधल्या दिवसांत बीज सुटतानाही एका बाजूला दुखते, पण ते सहसा इतके तीव्र नसते. मूतखड्याची शक्यताही त्यांनी पडताळली, आपल्याकडच्या उन्हाळ्यात ती स्वाभाविकच होती, परंतु दुखणे कमरेतून जांघेकडे उतरत नव्हते आणि लघवीत रक्तपेशी नव्हत्या. ताप नव्हता, त्यामुळे गर्भाशय व बीजवाहिन्यांना झालेल्या जंतुसंसर्गाची शक्यताही मागे पडली.

सोनोग्राफीच्या बाबतीत मात्र माझी तक्रार आहे. सोनोग्राफी करणारे तज्ज्ञ घरून यायचे होते, त्यात पाऊण तास गेला. पोटावरून सोनोग्राफी करायची तर मूत्राशय भरलेले लागते आणि शस्त्रक्रियेची शक्यता असल्याने पाणी पाजता येत नाही, त्यामुळे सलाईनने लघवी साठेपर्यंत आणखी वेळ गेला. ही तयारी तज्ज्ञ निघाले तेव्हाच सुरू करता आली असती. शिवाय नोंदणीच्या काउंटरवर ‘मॅरीड की अनमॅरीड’ हा प्रश्न वीसेक माणसांच्या रांगेत मोठ्याने विचारला गेला. पडद्याआड डॉक्टरांनी जपलेली मर्यादा काउंटरवर मोडली जाते, याकडे व्यवस्थापनाने लक्ष द्यायला हवे.

सोनोग्राफीत उजव्या अंडाशयावर 7 सेंटिमीटरची गाठ दिसली, अंडाशय सुजलेले होते आणि त्यातील बीजपुटके, म्हणजे बीज वाढणाऱ्या बारीक पिशव्या, कडेला ढकलली गेली होती. डॉप्लरवर, म्हणजे रक्ताचे वाहणे दाखवणाऱ्या सोनोग्राफीत, रक्तप्रवाह मात्र दिसत होता. सुटकेचा निःश्वास सोडण्याची आमची तयारी झाली होती, पण रात्री अकराला आलेल्या स्त्रीरोगतज्ज्ञांनी तसे होऊ दिले नाही. त्यांना अंडाशयाला पीळ बसल्याची, म्हणजे ते स्वतःभोवती फिरून त्याचा रक्तपुरवठा दबल्याची, शंका होती. अंडाशयाला दोन बाजूंनी रक्त मिळते, आणि पीळ बसला की आधी शिरा दबतात, धमन्या नंतर. म्हणून प्रवाह दिसला तरी पीळ नाही असे म्हणता येत नाही. अशा वेळी यंत्रापेक्षा दुखण्याची हकिकत आणि डॉक्टरांच्या हाताला जाणवलेली वेदना यांना अधिक वजन द्यायचे असते, आणि खात्रीसाठी सकाळपर्यंत थांबलो तर अंडाशय गमावण्याचा धोका वाढतो, असे त्यांनी सांगितले. सी. टी. स्कॅनचा प्रस्ताव त्यांनी ठेवला नाही, कारण त्याने वेळ गेला असता आणि निर्णय बदलला नसता. बिल वाढवण्यासाठी तपासण्या सांगितल्या जातात अशी तक्रार आपण वारंवार ऐकतो, त्यामुळे न सांगितलेल्या तपासणीचीही नोंद मला करावीशी वाटते.

संमतिपत्र सवयीने माझ्या पुढ्यात आले. डॉक्टरांनी ते भाचीच्या हातात दिले, ती सज्ञान आहे, सही तिची, असे म्हणून प्रत्येक ओळ तिला मराठीत समजावली. खर्चाचा लेखी अंदाज त्याच वेळी मिळाला आणि अंतिम बिल त्याच्या फारसे पुढे गेले नाही.

शस्त्रक्रियेत दुर्बिणीतून पाहिले तेव्हा अंडाशयाला दोन वेढे बसलेले होते आणि ते काळेनिळे पडले होते. पूर्वी असे अंडाशय काढूनच टाकत. येथे पीळ सोडवून, गाठ काढून ते जागेवर ठेवण्यात आले, कारण काळे दिसणारे अंडाशयही पुष्कळदा पूर्ववत होते. गाठीचा अहवाल ‘डरमॉइड’ (केस, त्वचा यांसारख्या ऊती असलेली, बहुधा साधी गाठ) असा आला, कर्करोग नव्हता.

तपासणी, समजावून सांगणे आणि निर्णय यांसाठी मी या रुग्णालयाला पूर्ण गुण देईन, सोनोग्राफीच्या व्यवस्थेला निम्मे आणि काउंटरला त्याहूनही कमी. ज्यांना खासगी खर्च झेपत नाही त्यांच्यासाठी मेडिकल, मेयो आणि स्त्रियांसाठीचे डागा ही सरकारी रुग्णालये शहरात आहेतच. कोठेही जा, पण दुखणे किती वाजता, काय करताना सुरू झाले आणि शेवटची पाळी कोणत्या तारखेला आली, हे कागदावर लिहून न्या. आमच्या डॉक्टरांनी सर्वांत आधी हेच विचारले आणि मी गोंधळून वेळ चुकीची सांगितली होती, ती भाचीनेच दुरुस्त केली.

दोन महिन्यांनी झालेल्या सोनोग्राफीत उजव्या अंडाशयाचा आकार नेहमीसारखा होता आणि त्यात नवी बीजपुटके दिसत होती.